आकाश त्यांचे, नोंद कोणाची?

२०२३ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. जगभरच्या हौशी लोकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेली ५१ हजारांवर निरीक्षणे त्यात तपासली होती. आपल्या अंगणातून किंवा गच्चीवरून अंधुकातला अंधूक तारा कोणता दिसतो, एवढेच ज्याने त्याने कळवायचे होते. त्यावरून असे निघाले की रात्रीचे आकाश सरासरीने दरवर्षी साडेनऊ टक्क्यांहून जास्त उजळत चालले आहे. आज जन्मलेल्या मुलाच्या घरावर अडीचशे तारे दिसत असतील, तर ते मूल अठरा वर्षांचे होईल तेव्हा तिथे शंभरच उरतील. या आकड्याची वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी उचलली नाही. ही निरीक्षणे बहुतांशी युरोप आणि उत्तर अमेरिकेतली होती. आशिया आणि आफ्रिकेतून आलेल्या नोंदी इतक्या तुरळक की तिथल्या आकाशाचे काय होत आहे, हे खात्रीने सांगताच येत नाही.

मला ही गोष्ट पहिल्या आकड्याइतकीच गंभीर वाटते. ज्या प्रदेशांत अजून अंधार शिल्लक आहे, नेमके तिथलेच आकाश विज्ञानाच्या वहीत कोरे आहे. आणि कोरे आहे ते तिथे पाहणारे डोळे नाहीत म्हणून नव्हे. त्या डोळ्यांना कोणी विचारलेले नाही, म्हणून.

तेलंगणातले बेज्जूर हे असेच एक गाव. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, २०१६ च्या फेररचनेनंतर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले, मंडलाचे ठिकाण. रेल्वे हवी तर कागजनगर गाठावे लागते. पूर्वेला प्रणहिता आणि तिच्या पलीकडे आपली अहेरी, गडचिरोली. सागवानाचे जंगल, कापसाची शेते, आणि तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी अशा चार भाषा कानावर पडणारा मुलूख. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जी प्रणहिता होते, तिच्या दोन्ही काठांवर माणसे तीच आणि आकाशही तेच. फक्त राज्यांच्या राजधान्या वेगळ्या. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावरच्या या पट्ट्याला आकाश पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक फार मोठी देणगी आहे. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून १९ अंशांवरच राहतो, आणि त्याच्या बदल्यात दक्षिणेचे आकाश उघडते. हिवाळ्यात अगस्त्य चांगला ठळक दिसतो. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू उभा राहतो. त्याच्या डावीकडे नरतुरंगातला मित्र हा तारा, आपल्या सूर्याच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांपैकी एक. त्यांच्याहून वर, साधारण २३ अंशांवर, ओमेगा नावाचा प्रचंड तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांना कापसाच्या बोंडाएवढ्या पुसट डागासारखा दिसतो. लंडन किंवा पॅरिसच्या निरीक्षकाला हा गुच्छ घरून कधीच दिसत नाही, कारण तिथे तो उगवतच नाही. मुंबई-पुण्याच्या निरीक्षकाला तो भूगोलाने दिसायला हवा, पण शहराच्या उजेडात क्षितिजाजवळचे सगळे बुडून जाते. बेज्जूरच्या माणसाला फक्त अंगणात यावे लागते.

आणि तो येत आलेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंडांच्या खगोलविषयक समजुतींचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये खगोलशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी कोरकू, बंजारा आणि कोलाम यांच्याही आकाशाची विचारपूस केली. त्यांना आढळले ते असे. गोंडांचे आकाश मुख्यतः सप्तर्षी, मृग आणि मृगाच्या आजूबाजूचा प्रदेश यांच्याभोवती फिरते. काही गावांना वृश्चिक आणि सिंह ठाऊक आहेत, काहींना त्रिशंकू आणि कृत्तिकाही. मंगळ कुठेच कोणाला आवडत नाही. आकाशगंगा ही जनावरांची वाट, आणि ती हिवाळ्यात एकीकडे तर पावसाळ्यात दुसरीकडे वळते हेही त्यांना माहीत आहे. धूमकेतू बहुतेकांच्या मते शुभ. उल्का म्हणजे गेलेल्या माणसांचे जीव, नाही तर ताऱ्यांची विष्ठा. आणि चंद्राभोवती पडणाऱ्या खळ्यावरून यंदा पाऊस किती, याचा अंदाज ते बांधतात. सप्तर्षीतल्या चौकोनाची म्हातारीची खाट आणि ती पळवू पाहणारे तीन चोर ही गोष्ट तर आपल्याकडच्या खेड्यांतूनही म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते.

हे वाचताना शहरी वाचकाचे दोनच प्रकार होतात. एक म्हणतो, किती छान, केवढे हे आदिम शहाणपण. दुसरा म्हणतो, ताऱ्यांची विष्ठा? पुढे बोलू नका. मला दोघेही सारखेच दूरचे वाटतात, कारण दोघांनाही त्या ज्ञानाशी खराखुरा व्यवहार करायचा नाही. पहिला त्याला काचेच्या कपाटात ठेवतो, दुसरा उकिरड्यावर टाकतो. ज्ञानाला मान देण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे ते तपासणे.

खळ्याचेच घ्या. चंद्राभोवती २२ अंशांच्या अंतरावर जे कडे पडते ते फार उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे. षट्कोनी स्फटिकांतून चांदणे वाकते आणि कडे तयार होते. असे ढग पुष्कळदा पाऊस घेऊन येणाऱ्या प्रणालीच्या पुढे चालत असतात. तेव्हा खळे आणि पाऊस यांचे नाते असण्याला भौतिक कारण आहे. पण नाते किती पक्के? खळे पडल्यावर किती दिवसांनी पाऊस? एका रात्रीवरून सगळ्या हंगामाचे भाकीत करता येईल का? मला शंका आहे. पण माझ्या शंकेला किंवा गावातल्या आजोबांच्या खात्रीला, दोन्हींना, नोंदीशिवाय काही किंमत नाही. तेलंगणात मंडलागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, म्हणजे पावसाचा आकडा तयारच मिळतो. कमी आहे ती दुसरी बाजू: खळे कोणत्या रात्री पडले, मोठे होते की लहान, पुरे होते की तुटके. हे लिहायला ना दुर्बीण लागते, ना पदवी. आश्रमशाळेतल्या आठवीच्या मुलांनी पाच वर्षे ही वही चालवली, तर गोंडांच्या एका जुन्या समजुतीची पहिली खरी परीक्षा होईल. ती समजूत उत्तीर्ण झाली तर आनंद, अनुत्तीर्ण झाली तरी ते संशोधनच. आणि ते संशोधन बेज्जूरचे असेल, बेज्जूरवरचे नव्हे.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण या मुलखाचा इतिहास नेमका उलटा आहे. आदिलाबाद पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९०१ मध्ये नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत वेधशाळा उभारली, १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून नावारूपाला आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांचा नकाशा करण्याच्या त्या काळच्या जागतिक प्रकल्पात हैदराबादने आपला वाटा उचलला आणि सात लाखांहून जास्त ताऱ्यांची स्थाने मोजली. अतिशय मोठे, चिकाटीचे काम. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या संस्थानाने त्या जागतिक नकाशासाठी लाखो तारे मोजले, त्याच संस्थानाच्या उत्तर टोकाला मृग, सप्तर्षी आणि आकाशगंगेची स्वतःची मांडणी असलेली माणसे राहत होती, आणि त्यांच्याशी सरकारचा संबंध होता तो जंगल खात्याच्या दंडापुरता आणि जमिनीच्या हिसकाहिसकीपुरता. गोंडांचा नेता कुमुरम भीम जोडेघाटला मारला गेला ते १९४० साल. त्या काळात गोंडांना कोणी आकाशाबद्दल काही विचारावे ही अपेक्षाच अवास्तव. पण आज ती अवास्तव नाही, आणि तरी परिस्थिती फार बदललेली नाही. संशोधक येतात, विचारतात, निबंध इंग्रजीत छापला जातो. वाहिया आणि हलकारे यांनी निदान विचारले, हे त्यांचे श्रेय. पुढचे पाऊल म्हणजे विचारलेल्या माणसालाच विचारणारा करणे.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. आता रोबोट दुर्बिणी आल्या, उपग्रह आले. नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहून विज्ञानाला काय मिळणार? चिलीमधल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २३ जून २०२५ रोजी आपली पहिली छायाचित्रे जगाला दाखवली. ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि दहा वर्षे दक्षिणेचे आकाश पुन्हा पुन्हा टिपण्याचा कार्यक्रम. अशा यंत्रापुढे बेज्जूरच्या अंगणातल्या खाटेवरून आकाश पाहणाऱ्याने काय करायचे?

उत्तर त्या यंत्राच्या बनावटीतच आहे. रुबिनचा कॅमेरा इतका संवेदनशील आहे की डोळ्यांना दिसणारा कुठलाही तारा त्याला जास्तच तेजस्वी होतो. त्याची प्रतिमा भरून वाहते आणि मोजता येत नाही. म्हणजे माणसाला दिसणारे सगळे तारे या महायंत्राच्या आटोक्याबाहेर आहेत. ते पाहण्याचे काम अजून आपल्याकडेच आहे.

मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी घ्या. २०१९ च्या शेवटी तो मंद होऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत इतका उतरला की आकाशातल्या दहा सर्वांत तेजस्वी ताऱ्यांत गणला जाणारा हा तारा शेजारच्या ताऱ्यांत उठून दिसेना. त्याच्या प्रकाशाची प्रत (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) नेहमी ०.५ च्या आसपास असते, ती १.६ च्या पुढे गेली. तो स्फोट पावणार का, अशी सगळीकडे चर्चा. पुढे कळले की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ झाली होती आणि तिने त्याचा काही भाग झाकला होता. या सगळ्या प्रकरणात हौशी निरीक्षकांच्या नोंदी मोलाच्या ठरल्या, कारण रात्रीमागून रात्र त्या ताऱ्याकडे पाहणारे तेच होते. आणि गोष्ट तिथे संपत नाही. काक्षीच्या तेजात साधारण सहा वर्षांचा एक संथ चढउतार आहे, हे दीर्घकाळच्या नोंदींतून दिसले होते. त्यावरून त्याला एक सोबती असावा असे २०२४ मध्ये मांडले गेले, आणि २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने त्याच्या अगदी लगत एका मंद सोबत्याची खूण टिपली. सहा वर्षांचा चढउतार ओळखायचा तर कित्येक दशकांच्या नोंदी लागतात. एवढा काळ कोणतीही मोठी दुर्बीण एका ताऱ्याला मिळत नाही.

हे निरीक्षण करायचे कसे, तेही सांगतो, कारण त्यात गूढ काही नाही. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास बाहेर यायचे, डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटे मोबाइल बघायचा नाही. मग काक्षी पाहायचा. त्याच्या वर पश्चिमेला रोहिणी, तिची प्रत साधारण ०.९. त्याच्या पूर्वेला प्रश्वा, प्रत साधारण ०.४. काक्षी दोघांच्या मध्ये बसतो का? रोहिणीजवळ की प्रश्वाजवळ? प्रश्वापासून रोहिणीकडे तीन पायऱ्या आणि पलीकडे दोन, असे वाटले तर प्रत ०.७. तारीख, वेळ, ठिकाण, अंदाज. तांबड्या ताऱ्याकडे एकटक पाहू नये, तो डोळ्याला खोटा तेजस्वी वाटू लागतो. नजर टाकून लगेच दुसऱ्या ताऱ्यावर न्यावी. झाले. चलताऱ्यांच्या, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या, नोंदी जमवणारी अमेरिकेतली संघटना १९११ पासून हेच काम करते आहे आणि कुठल्याही देशातल्या माणसाची नोंद घेते.

कोणत्याही माणसाची म्हणजे खरोखरच कोणत्याही. राधागोविंद चंद्र यांचे नाव आपल्या अभ्यासक्रमात असायला हवे होते. बंगालमधल्या जेसोरचा हा माणूस, प्रवेश परीक्षा पुन्हा पुन्हा नापास झालेला, जिल्ह्याच्या खजिन्यात साधी नोकरी करणारा. १९१० चा हॅलेचा धूमकेतू पाहिला आणि आकाशाला लागला तो लागलाच. आयुष्यभरात त्यांनी चलताऱ्यांच्या ३७ हजारांहून जास्त नोंदी केल्या. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या त्या संघटनेने त्यांना सहा इंचांची दुर्बीण पाठवली. ती पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. बाप्पू हैदराबादेत वाढले; त्यांचे वडील निजामिया वेधशाळेत काम करत. एक जिल्ह्याचे गाव, एक नापास मुलगा, आणि त्याच्या दुर्बिणीचा प्रवास भारतीय खगोलशास्त्राच्या सर्वांत मोठ्या निरीक्षकापर्यंत. बेज्जूरमध्ये असा मुलगा किंवा मुलगी नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

आता दुसरा आक्षेप, आणि तो पहिल्याहून खूप जड आहे. शहरात दिव्यांच्या झगमगाटात राहणाऱ्याने आदिवासी गावाला अंधार जपायला सांगणे अन्यायाचे आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. या भागात अंधार म्हणजे साप, विंचू आणि वाघ. ताडोब्याकडून वाघ नदी ओलांडून या जंगलात येतात. २०२० च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात याच जिल्ह्यात वाघाने दोन माणसे मारली. रात्री पोटदुखीने तळमळणाऱ्या बाईला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याची किंमत काय असते, हे गच्चीवरून तारे पाहणाऱ्याने शिकवू नये. वीज हा हक्क आहे आणि तो पुरता मिळालाच पाहिजे. जो कोणी ताऱ्यांसाठी गावाचा दिवा काढायला सांगेल, त्याच्या विरोधात मी उभा राहीन.

पण प्रश्न दिवा असण्या-नसण्याचा नाहीच. प्रश्न दिव्याचे तोंड कुठे आहे याचा आहे. आज गावोगाव पंचायती जे पांढरेशुभ्र एलईडी दिवे लावतात, त्यांतले कित्येक तिरपे बसवलेले असतात. त्यांचा बराचसा उजेड समोरच्याच्या डोळ्यात आणि आकाशात जातो, पायाखाली पडतो तो उरलेला. डोळे दिपलेल्या माणसाला दिव्याच्या पलीकडे झुडपात काय आहे ते दिसत नाही. वाघाच्या मुलखात ही साधी गोष्ट नव्हे. तोच दिवा खाली वळवला, त्याला वरून टोपण दिले आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाशाचा लावला, तर त्याच विजेत रस्ता जास्त उजळतो आणि आकाशही वाचते. म्हणजे जे ताऱ्यांच्या हिताचे तेच गावाच्या हिताचे.

हे नुसते बोलणे नाही. नागपूरजवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले आणि आशियातले पाचवे आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून जाहीर झाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड असलेले दिवे बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. लडाखमधल्या हानले इथे २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आसपासच्या खेड्यांतल्या चोवीस जणांना, त्यांत जास्त बायका, आकाशाचे प्रशिक्षण दिले आणि दुर्बिणी दिल्या. आता बाहेरचा पाहुणा आला की आकाश दाखवतो तो तिथलाच माणूस, आणि पैसेही त्यालाच मिळतात. पेंचला दिव्यांचे काम चांगले झाले, पण माझ्या मते हानलेचा धडा जास्त मोठा आहे. पेंचमध्ये आकाश जपले गेले. हानलेमध्ये आकाशाची राखण आणि मिळकत दोन्ही गावाच्या हातात आली.

बेज्जूरला तर यासाठी लडाखकडे पाहण्याचीही गरज नाही. याच वनक्षेत्रात मुरलीगुड्याजवळ, पेद्दवागूच्या काठी, पालारापू नावाचा कडा आहे. २०१३ मध्ये तिथे लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली. देशभर गिधाडे जवळजवळ नाहीशी झालेली असताना हा शोध मोठाच होता. त्यांच्यावर लक्ष ठेवायला वनखात्याने स्थानिक माणसेच नेमली. घरट्यात पिल्लू आहे का, किती पक्षी उडाले, किती परतले, हे ती माणसे पाहत राहिली. कड्यावरच्या गिधाडाची रोजची नोंद करू शकणारा माणूस काक्षीची नोंद का करू शकणार नाही? लागते ते एकच कसब: तीच गोष्ट रोज पाहणे आणि काल दिसले ते नव्हे, आज दिसले ते लिहिणे.

नोंद नसली की काय होते, याचा एक प्रसंग या भागाने अगदी जवळून पाहिला आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, तेलंगणात उगादी. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग संथपणे सरकत गेली. लोक रस्त्यावर आले, मोबाइलवर चित्रण झाले, आणि काही वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले, सुमारे तीन मीटर व्यासाचे. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात परत येत होता, असे तज्ज्ञांनी ओळखले. त्या रात्री उल्का, क्षेपणास्त्र, विमान, देवाचा कोप असे सगळे तर्क झाले. उल्का काही सेकंदांत विझते आणि परत येणारे रॉकेट मिनिटभर रेंगाळत जाते, हे ज्याला माहीत होते त्याला घाबरण्याचे कारण नव्हते. आणि त्या पट्ट्यात चारपाच ठिकाणी जरी कोणी नेमके लिहिले असते, की रांग अमुक वाजता मृगाच्या खालून गेली, इथे मृगाच्या वरून गेली, तर दोन गावांतल्या फरकावरून तिचा मार्ग आणि उंची काढता आली असती. लाखभर लोकांनी पाहिले. अशा नोंदी मात्र फारच थोड्या. आकाशात उपग्रह आणि रॉकेटे वाढतच आहेत, तेव्हा असे पुन्हा होणारच, आणि ते कोणाच्या शेतात पडेल ते आधी कोणी सांगू शकत नाही.

मृगाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगायची राहू नये. नदीच्या अलीकडे 'मृग लागला' म्हणतात, पलीकडे 'मृगशिर कार्ते', आणि दोन्हीकडे पेरणीचा हिशेब त्याच जूनच्या आठवड्यापासून चालतो. पण त्या दिवसांत मृग नक्षत्र आकाशात दिसतच नाही. सूर्य त्याच्याजवळ असतो आणि ते दिवसा उगवून दिवसाच मावळते. ज्या नक्षत्राच्या नावावर शेतकऱ्याचे वर्ष उभे आहे, ते त्याला ओळखून पाहायचे तर कापूस वेचणीच्या दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री. शाळेत मुलांना ही गोष्ट दाखवली पाहिजे, नुसती सांगून चालणार नाही. तसेच शून्य सावलीचे. या अक्षांशावर मेच्या मध्यानंतर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो की मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, पण मेमध्ये एक काठी, सपाट अंगण आणि सूर्याच्या त्या दिवशीच्या स्थानाचा तक्ता एवढ्यावर मुलाला आपल्या गावाचा अक्षांश स्वतः काढता येतो.

मोठ्या संस्था गावाजवळ आल्या म्हणजे विज्ञान आपोआप गावात येते, असे मात्र नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी केली. २०२३ मध्ये विश्वात सर्वत्र घुमणाऱ्या गुरुत्वलहरींचा जो पुरावा जगापुढे आला, त्यात तिच्या नोंदींचा वाटा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यासाठी त्याच वर्षी केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. खोडदला दरवर्षी विज्ञान दिनाला खेड्यापाड्यांतली मुले आपले प्रयोग घेऊन येतात, ही पद्धत फार चांगली आहे. औंढ्यातही ती पहिल्या दिवसापासून हवी. पण बेज्जूरला असे मोठे यंत्र येणार नाही, आणि येण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. तिथे आधीच असलेले साधन म्हणजे स्वच्छ, थंड, अंधारे हिवाळी आकाश आणि ते लहानपणापासून पाहणारी माणसे.

भाषेचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. निरीक्षणाची पुस्तिका गोंडीत हवी, तेलुगूत हवी, आणि या पट्ट्यातल्या घरांतून बोलल्या जाणाऱ्या मराठीतही हवी. जयंत नारळीकरांनी आयुका ही खगोलसंस्था उभारली आणि त्याच वेळी मराठीत लिहीत राहिले; विज्ञान मातृभाषेत उतरले की ते घरात येते, हे त्यांनी करून दाखवले. सप्तर्षी, म्हातारीची खाट आणि गोंडी नाव ही तिन्ही एका पानावर असलेला आकाशाचा नकाशा छापायला फार पैसा लागत नाही. तो छापला तर मुलाला आजोबांचे आकाश आणि शाळेचे आकाश वेगळे वाटणार नाही.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबई, नागपूर, हैदराबाद इथेही आकाशप्रेमींचे गट आहेत. हे लोक दर हिवाळ्यात अंधाऱ्या जागेच्या शोधात शहराबाहेर जातात, रात्र जागतात आणि पहाटे परततात. ज्या गावाच्या माळावर ते रात्र काढतात, तिथल्या लोकांशी त्यांचा संबंध बहुतेक वेळा चहापाण्यापुरता असतो. हे बदलणे त्यांच्या हातात आहे. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव शिखरावर असतो, आणि अंधाऱ्या आकाशाखाली चंद्र नसेल तेव्हा तासाला शंभराच्या आसपास उल्का मोजता येतात. नागपूर आणि हैदराबादच्या मंडळांना माझी विनंती आहे: येत्या डिसेंबरात एक निरीक्षण शिबिर प्रणहितेच्या काठी घ्या, वनखात्याला सोबत घ्या, निम्म्या जागा बेज्जूर, अहेरी आणि सिरोंचा भागातल्या मुलामुलींसाठी ठेवा, आणि त्या रात्रीच्या उल्कांची मोजणी आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे पाठवताना निरीक्षक म्हणून त्यांची नावे लिहा.